दाराआडची जागा

बैठक माडीवर हलवली आहे हे नागव्वाला कळलं तेव्हा चुलीवरच्या हुग्गीला नुकती उकळी येत होती. गव्हाच्या खिरीत गूळ घालायची तीच वेळ. हात मोकळा असता तर ती तशीच उठून सोप्यात गेली असती.

"माडीवर कुणी सांगितलं?"

"ह्यांनी," गुरम्मा म्हणाली. गुरम्मा थोरली सून, घरात आल्यापासून सासूला तिनं कधी उलट उत्तर दिलेलं कुणाला आठवत नव्हतं. आत्ताही ती परातीतल्या कणकेशीच बोलत होती. "गड्ड्याच्या जत्रेचा दिवस हाय की, अत्ती. सिद्धेश्वराच्या काठ्या आपल्या दारावरनं जायच्या. पाव्हण्यांना वरच्या खिडक्यांतनं चांगल्या दिसतील म्हणाले."

"आजवर सोप्यात बसलेल्या पाव्हण्यांना दिसल्या न्हाईत काय?"

गुरम्मानं कणीक उलटी केली आणि पुन्हा मळायला घेतली.

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या त्या घरात पुढं कापडाचं दुकान, मागं बैठकीचा सोपा आणि सोप्याला लागून स्वयंपाकघर होतं. स्वयंपाकघराच्या दाराआड एक पाट कायमचा मांडलेला असायचा. ती नागव्वाची जागा. दाराच्या पलीकडं, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, शिवलिंगप्पाचा लोड असायचा. पाहुणा सोप्यात बसून बोलायचा, नागव्वा दाराआडून ऐकायची आणि त्याचंच बोलणं नवऱ्याच्या उजव्या कानाशी पुन्हा म्हणायची. तेही सांगितल्यासारखं नाही, आपण त्या गोष्टीला दुजोरा देतोय अशा आवाजात. "ऐकलंत न्हवं, यंदा मंगळवेढ्याकडं जोंधळा बरा हाय म्हणतात." शिवलिंगप्पा मान डोलवायचा. "ऐकलं की."

शिवलिंगप्पाला कमी ऐकू येतं हे सगळ्या पेठेला माहीत होतं, एकट्या शिवलिंगप्पाला सोडून. त्याच्या मते हल्ली सोलापुरातली तरणी पोरं मिशीत बोलायला लागली होती. गिरणीचा भोंगा मालकांनी काटकसर म्हणून हळू केला होता. मागच्या वर्षी यात्रेत शोभेची दारू उडाली, तेव्हा अख्खी गल्ली कानांवर हात ठेवून उभी होती, आणि हा म्हणाला, दारू ओली निघाली वाटतं. मल्लिकार्जुननं, त्याच्या थोरल्या मुलानं, मुंबईहून कानाला लावायचा पितळी कर्णा आणून दिला होता. तो शिवलिंगप्पानं चार बाजूंनी न्याहाळला, "झकास वस्तू हाय" म्हणाला, आणि तेव्हापासून दुकानातल्या दिव्यांत रॉकेल ओतायला वापरला. त्याला चिडून बोलायला कुणाचीच जीभ वळत नव्हती, कारण माणूस मनापासून सुखी होता. इरकल लुगडं गिऱ्हाइकापुढं उलगडताना त्याचा चेहरा असा खुलायचा की घासाघीस करायला आलेली बाईही थोडा वेळ नुसती बघत बसायची.

हे सुख टिकलं ते आपल्यामुळं, अशी नागव्वाची खात्री होती. त्यात खोटं काही नव्हतं. आपण त्याचे कान आहोत, एक शब्द इकडचा तिकडं करत नाही, अशीही तिची खात्री होती.

मल्लिकार्जुन विड्याची पानं घ्यायला आत आला तेव्हा तिनं त्याला गाठलं.

"बैठक खाली आण, मल्लू. मी माडीवर कुटं बसू?"

"बायकांचं वर काय काम, अव्वा? अप्पांच्या शेजारी मी बसतो की."

"तुझं बोलणं त्यांना कळत न्हाय. तू पुटपुटतोस."

मल्लिकार्जुन बाजारात लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज टिळक चौकापर्यंत जायचा. तो आईकडं बघत राहिला, मग बायकोकडं. गुरम्माच्या हातातली कणीक थांबली, आणि कोपऱ्यात पानं पुसत बसलेली सावित्री खाली मान घालून हसली.

ते हसणं नागव्वाला झोंबलं. मग तिच्या ध्यानात आलं की हे तिघं एक झालेत.

सावित्री तिचं शेंडेफळ. एकोणीस वर्षांची, सातवी पास, मुलींच्या शाळेत लहानग्यांना शिकवायला जायची. तिच्याबरोबरीच्या मुलींच्या कडेवर पोरं होती. तीन स्थळं आली आणि गेली. "तिच्या बापाला पसंत पडत न्हाय, आपण काय करणार," असं नागव्वा शेजारणींना सांगायची, आणि सांगताना तिला खरोखर वाईट वाटायचं. आजचं चौथं. गुरम्माच्या माहेरच्या ओळखीतलं, अक्कलकोटचं घराणं. मुलगा रेवणसिद्ध, कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होता. गेल्या दिवाळीत तो बहिणीसाठी खण घ्यायला दुकानात आला, तेव्हा एक खण निवडायला त्याला तीनदा यावं लागलं होतं. तिन्ही वेळा सावित्री काही ना काही निमित्तानं दुकानात होती. हे मल्लिकार्जुननं बघितलं होतं, गुरम्मानं ओळखलं होतं. नागव्वानंही बघितलं होतं, फक्त तिनं त्यातून एवढंच काढलं की पोरगा निर्णयाला कच्चा आहे.

"स्थळाला मी कुटं नाव ठेवलं?" ती म्हणाली. "पर कुर्डुवाडीला पाण्याची बोंब. पोरगी घागरी वाहून मरायची."

"सोलापुरात तरी कुटं पाणी हाय, अत्ती," गुरम्मा म्हणाली, आणि आपणच बोललो का याची खात्री करून घ्यायला तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं.

मल्लिकार्जुन पानं घेऊन निसटला. सावित्री उठून आईजवळ आली. शिकवणाऱ्या बाईसारखी ती हळू आणि स्पष्ट बोलायची.

"अव्वा, मंगळवेढ्याचे लोक आले होते, तेव्हा अप्पांनी विचारलं होतं, सावित्री काय म्हणते. तू काय सांगितलंस?"

"तू म्हणालीस तेच. नको म्हणते."

"मी म्हणाले होते, आत्ता नको, परीक्षा झाल्यावर चालेल."

"तेच की."

"ते तेच नाही, अव्वा."

"आणि वेळापूरचे आलते तेव्हा," गुरम्मा कणकेकडं बघत म्हणाली, "मुलाला ल्हानपणी दमा होता, आता औषध बी लागत न्हाय, असं त्याचे चुलते म्हणाले. तुमी मामंजींना सांगितलं, मुलाला दमा हाय."

नागव्वानं गुळाचा खडा पातेल्यात टाकला. तिला राग आला होता, पण रागाखाली दुसरंच काहीतरी हललं. तिला ती संध्याकाळ आठवत होती, चुलत्यांचं उपरणं आठवत होतं, त्यांचा आवाज आठवत होता. 'दमा होता' आठवत होतं. पुढचं वाक्य मात्र शोधूनही सापडेना.

"भांड्यांचा आवाज होत असंल," ती म्हणाली. "मला नीट ऐकू आलं नसंल."

दारात पाहुण्यांची गाडी थांबल्याचा आवाज आला.

*

मुलाचा बाप सिद्धाराम धिप्पाड, भारदस्त माणूस होता. कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, जरीचा पटका, आणि चेहऱ्यावर असं गांभीर्य की बघणाऱ्यानं आपसूक आवाज खाली आणावा. अख्खी उमर त्यानं सरकी काढायच्या कारखान्यात यंत्रांवर देखरेख करण्यात घालवली होती. विचारल्याशिवाय बोलत नाही आणि विचारलं तरी चटकन बोलत नाही, अशी त्याची अक्कलकोटात ख्याती होती. पंचायतीत त्याला मुद्दाम बोलावून नेत. मल्लिकार्जुन त्याला मानानं माडीवर घेऊन गेला. मागोमाग रेवणसिद्ध गेला. जिन्याच्या पहिल्या पायरीला त्याला ठेच लागली, कारण तो भलतीकडंच बघत होता.

त्याची आई शिवम्मा स्वयंपाकघरात आली. बाई काडीसारखी बारीक, डोळे मात्र टपोरे आणि सारखे हलते. तिनं हुग्गी वाखाणली, चटणीचा तिखटपणा वाखाणला, सावित्रीच्या हनुवटीला हात लावून तो हात ओठांना लावला. पण दर थोड्या वेळानं तिची नजर वर आढ्याकडं जात होती.

नागव्वाचीही तिकडंच जात होती. एकदा दोघींची नजर वरून एकदमच खाली आली आणि एकमेकींवर पडली.

"तुमचं बी?" शिवम्मानं विचारलं.

"माझं काय?"

शिवम्मानं आधी दाराकडं बघितलं. सावित्री मागं आडाकडं गेली होती, गुरम्मा पानं मांडत होती. मग ती जवळ सरकून हळूच म्हणाली, "आमचे लई वर्षं झाली ऐकत न्हाईत. यंत्रांनी कान खाल्ले. गावाला वाटतं इचार करून बोलतात."

नागव्वाला हसू आवरेना. पदर तोंडावर धरून ती हसली, मग शिवम्माही हसली, आणि पानं मांडणारी गुरम्मा दोघींकडं बघत उभी राहिली. या घरात सासूला असं हसताना तिनं फक्त सावित्रीजवळ बघितलं होतं.

"मग पंचायतीत कसं करतात?" नागव्वानं विचारलं.

"माझा भाचा मागं बसतो. घरात मी. खरं सांगू, नागव्वाक्का? मी त्यांना सगळं कुटं सांगते. जे सांगून डोकं फिरंल ते मी गिळते. जे मला पायजे ते पाव्हण्याच्या तोंडी घालते. मागं जावेला वेगळं बिऱ्हाड करायचं होतं, आमच्या ह्यांच्या मनात न्हवतं. मी म्हणलं, आपले गुरू जंगम अय्या सांगून गेले, वेगळं केलेलं बरं. झालं." ती पुन्हा हसली. "जनमभर आमाला कुणी इचारलं न्हाय. आता आमच्याच तोंडानं जग बोलतंय, तर थोडं आपल्या मनाचं बोलू दे की."

"मी तसं करत न्हाय," नागव्वा म्हणाली. "मी एक अक्षर बी..."

वाक्य तिच्याच तोंडात अडलं.

शिवम्मा जे करत होती ते शिवम्माला स्वतःला ठाऊक होतं. लहान मुलानं भिंतीवरून उडी मारून दाखवावी तितक्या मोकळेपणानं तिनं ते सांगून टाकलं होतं. नागव्वानं असं जाणूनबुजून कधीच काही केलं नव्हतं. खोटं तिच्या तोंडून निघायचंच नाही. तिच्या कानांवर वाक्याचा पहिला अर्धा भाग पडायचा, मनाजोगता असला की तिथंच ती थांबायची, आणि उरलेला भांड्यांच्या आवाजात विरून जायचा. तीन स्थळं अशीच विरली. घरात एकाला ऐकू येत नाही हे सगळ्या पेठेला माहीत होतं, पण न ऐकणारं माणूस तेवढं एकच नव्हतं.

आणि मनाजोगतं काय होतं? कुर्डुवाडीचं पाणी की वेळापूरचा दमा? तिनं स्वतःला पहिल्यांदाच विचारलं आणि उत्तर इतकं जवळ होतं की तिला आश्चर्य वाटलं. दिवेलागणीनंतर मागच्या पायरीवर त्या दोघी शेंगा फोडत बसायच्या. सावित्री शाळेतल्या गमती सांगायची, मोठ्या बाईंची नक्कल करायची, नागव्वा पोट धरून हसायची. दिवसभर ती दुसऱ्यांचं बोलणं वाहून न्यायची; त्या घटकेतलं बोलणं मात्र कुणाच्या कानापर्यंत न्यायचं नसायचं, ते नुसतं तिच्यासाठी असायचं. मुलगी गेली की ती पायरी रिकामी होणार होती. एवढंच होतं. एवढ्यासाठी तिनं स्वतःलाही फसवलं होतं.

तिला रडू येईल असं वाटलं होतं. त्याऐवजी अंगावरचं काहीतरी उतरल्यासारखं हलकं वाटलं.

"चला," ती शिवम्माला म्हणाली, "वर काय चाललंय बघू."

*

हातात फराळाच्या ताटल्या घेऊन दोघी जिन्यात वरच्या दारापाशी थांबल्या. दार लोटलेलं होतं. आत मल्लिकार्जुन खिडकीशी काठ्या कुठवर आल्या ते बघत होता आणि दोन्ही म्हातारे लोडाला टेकून समोरासमोर बसले होते.

"माझी पोरगी सातवी झालीय," शिवलिंगप्पा अभिमानानं सांगत होता.

"सात कोस कसले, चांगले बारा हायती," सिद्धाराम म्हणाला. "पर रस्ता बरा. बैलांना तरास न्हाय."

"न्हाय न्हाय, त्रास कुणाला द्यायची न्हाय. लई गुणाची हाय."

"उन्हाचं निघालोच न्हाय आमी. पहाटं निघालो."

"वाट तर मी बी बघत होतो, असं घराणं मिळायची."

"गाऱ्हाणं काय बी न्हाय आमचं," सिद्धाराम गंभीरपणे म्हणाला.

"मग झालं तर."

"झालं की."

दोघांनी एकमेकांकडं बघून प्रसन्नपणे मान डोलावली. जिन्यात शिवम्मानं ताटली कठड्यावर ठेवली आणि नागव्वाच्या खांद्यात तोंड खुपसलं. तिचं सगळं अंग हसण्यानं गदगदत होतं. नागव्वाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आत मुलाकडं बघितलं तर रेवणसिद्ध भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटून, छताकडं बघत बसला होता. हा पोरगा हसू दाबतोय हे तिच्या ध्यानात आलं, आणि त्या घटकेला तो तिला आवडला. निर्णयाला कच्चा असेल, पण बापाची शोभा होऊ देत नव्हता.

तेवढ्यात काठ्या आल्या.

आधी गल्लीच्या तोंडाशी हलग्या वाजल्या, मग संबळ, मग बँड, आणि त्यावर हजारो माणसांच्या तोंडचा 'बोला हर्र'चा गजर. पांढऱ्या बाराबंद्या घातलेली माणसं उंच नंदीध्वज, त्याच काठ्या, कमरेच्या पट्ट्यात तोलत येत होती आणि वरचं बाशिंग माडीच्या खिडक्यांच्याही वर डुलत होतं. सगळे खिडक्यांशी धावले. खालून सावित्री आणि गुरम्माही जिन्यानं वर आल्या. बायकांनी वर यायचं की नाही हे त्या गोंगाटात कुणी कुणाला विचारू शकत नव्हतं. मल्लिकार्जुन सिद्धारामला ओरडून काहीतरी सांगत होता, त्याचे फक्त ओठ हलताना दिसत होते. रेवणसिद्धनं गुरम्माला काही विचारलं, तिनं भलतंच समजून त्याला पाण्याचा तांब्या दिला. ऐकू येणारी सगळी माणसं त्या खोलीत वेड्यासारखी हातवारे करत होती.

शांत होते फक्त दोघं. त्यांना याची सवय होती. शिवलिंगप्पानं सिद्धारामच्या दंडाला हात लावला, बोटानं पुढची काठी दाखवली, सिद्धारामनं हात जोडले, शिवलिंगप्पानं जोडले. मग सिद्धारामनं मुलाकडं बोट केलं, मग सावित्रीकडं, आणि भुवया उंचावल्या. इतकं स्पष्ट बोलणं त्या खोलीत सकाळपासून कुणी केलं नव्हतं.

शिवलिंगप्पानं त्याचं ऐकलं, आणि नेहमीच्या सवयीनं उजवीकडं वळून नागव्वाला शोधलं.

ती दाराच्या चौकटीत उभी होती. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि हनुवटीनं सावित्रीकडं खूण केली. कान मंदावल्यापासून गेली चार वर्षं तो असंच विचारत आला होता. ती काय म्हणते?

नागव्वाला शब्द वापरता येत नव्हते. शब्द असते तर काहीतरी जमलं असतं. 'आत्ता नको म्हणते' असं म्हणता आलं असतं, 'पाण्याचं बघू' म्हणता आलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत तिलाही ते खरं वाटलं असतं. पण मान एकतर उभी हलते, नाहीतर आडवी. मान आडवी हलवली तर ते खोटं तिला स्वतःला दिसणार होतं, आणि इथून पुढं रोज दिसणार होतं.

तिनं सावित्रीचा दंड धरला. सावित्रीचं अंग ताठ झालं, ते तिच्या हाताला कळलं. पोरगी आपल्याला घाबरते, हेही कळलं. नागव्वानं तिला अलगद पुढं केलं, बापाच्या समोर उभं केलं, आणि नवऱ्याला हातानं खुणावलं की तिलाच विचारा.

शिवलिंगप्पा गोंधळला. मग त्यानं लेकीच्या तोंडाकडं बघितलं, रेवणसिद्धकडं बोट केलं आणि भुवया वर उचलल्या.

सावित्रीनं मान हलवली. लाजून हळूच नव्हे. लहान मुलांना कळावं म्हणून वर्गात हलवतात तशी, वरून खाली, दोनदा.

शिवलिंगप्पाचा सगळा चेहरा उजळला.

"बघा," तो सिद्धारामला म्हणाला, आणि नेमकी तेव्हाच मिरवणूक पुढं सरकून आवाज थोडा पडला, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं. "माझी लेक कशी स्पष्ट बोलते. हल्लीच्या पोरांसारखं पुटपुटत न्हाय."

मल्लिकार्जुन खिडकीवर डोकं टेकून हसायला लागला. गुरम्मानं सासूकडं बघितलं आणि या वेळी नजर खाली घातली नाही. सावित्री वळली आणि भर माणसांत आईच्या गळ्यात पडली. नागव्वानं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि कानात म्हणाली, "तीनदा आला होता खण घ्यायला. मला वाटलं, पोरगा बावळट हाय."

"थोडा आहे," सावित्री तिच्या खांद्यात म्हणाली.

*

जेवणं झाली, हुग्गीचं पातेलं पुसून निघालं. मग कळलं की शिवलिंगप्पाच्या समजुतीनं लग्न सोलापुरात ठरलंय आणि सिद्धारामच्या समजुतीनं अक्कलकोटात. मल्लिकार्जुनच्या कपाळाला आठी पडली. शिवम्मानं नागव्वाला डोळ्यानं खुणावलं, की मी माझ्याला काहीतरी सांगते, तुमी तुमच्याला सांगा.

नागव्वानं मान आडवी हलवली. ती नवऱ्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, पाहुण्यांदेखत.

"व्याही लग्न अक्कलकोटला म्हणतात," ती सावकाश म्हणाली. तिथं थांबायचं तिच्या जिभेला वळण होतं. ती थांबली नाही, सिद्धारामचं पुढचं वाक्यही तिनं पुरतं सांगितलं. "त्यांची आई लई म्हातारी हाय, तिला अंथरुणावरनं उठवत न्हाय. नातवाच्या डोक्यावर तिच्या हातनं अक्षता पडाव्यात म्हणून."

शिवलिंगप्पानं क्षणभर विचार केला. "मग अक्कलकोटलाच," तो म्हणाला. "आईचं काम हाय. यात काय इचारायचं?"

सुपारी फुटली. साखर वाटली. मग मल्लिकार्जुन पाहुण्यांना तळ्याकडं, देवाच्या दर्शनाला आणि यात्रेतली दुकानं दाखवायला घेऊन गेला. सावित्री, गुरम्मा घरात भांडी आवरू लागल्या. दुकान सणाचं अर्धं उघडं होतं, गडी फळीवर बसून डुलक्या घेत होता.

माडीवर ऊन सरकत भिंतीपर्यंत आलं होतं. शिवलिंगप्पा लोडाला टेकून पान चघळत होता. नागव्वा ताटल्या गोळा करायला आली होती, ती गोळा करता करता खाली बसली.

"सावित्री गेल्यावर मला करमायचं न्हाय," ती म्हणाली.

दुसऱ्यांचं बोलणं सांगताना तिचा आवाज खालच्या पट्टीत, अचूक त्याच्या कानाला लागायचा. हे तिचं स्वतःचं होतं. आवाज वर चढला, कापला, आणि मध्येच बारीक झाला.

शिवलिंगप्पानं नेहमीसारखी मान डोलावली. "ऐकलं की."

"काय ऐकलंत?"

चार वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो पान चघळायचा थांबला. त्यानं बायकोच्या तोंडाकडं बघितलं, तिचे ओले डोळे बघितले, आणि पिंकदाणी उगीचच थोडी बाजूला सरकवली. पलीकडच्या गल्लीत अजून हलग्या वाजत होत्या. त्याला त्या ऐकू येत होत्या की नाही, देव जाणे.

"न्हाय ऐकलं," तो म्हणाला. मग उजव्या कानामागं हात धरून तिच्याकडं झुकला. "जरा मोठ्यानं बोल, नागव्वा. मला हल्ली कमी ऐकू येतं."

नागव्वाला हसू आलं आणि हुंदकाही आला. तिनं दोन्ही गिळली, पदरानं तोंड पुसलं, छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्यानं बोलली. मला करमायचं न्हाय, म्हणाली. संध्याकाळी माझ्याशी बोलायला कुणी राहायचं न्हाय, तुमी तरी बोलत जा, म्हणाली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला, दुकानात गडी दचकून जागा झाला, आणि समोरच्या माडीवर काठ्या बघायला जमलेल्या बायका पुन्हा खिडकीशी आल्या. तिला जे सांगायचं होतं ते त्या दुपारी अख्ख्या बाळीवेशीनं ऐकलं, आणि शिवलिंगप्पानंही.